रोमेलच्या चरित्राच्या शोधात

हरलेल्या सेनापतीची जिंकणाऱ्यांनीच तोंड भरून स्तुती करावी, असे इतिहासात क्वचित घडते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन फील्ड मार्शल एर्विन रोमेल याच्या वाट्याला हे भाग्य आले. युद्ध ऐन भरात असताना, जानेवारी १९४२ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी भर पार्लमेंटात त्याच्या कर्तबगारीचे कौतुक केले. युद्ध संपून सहा वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली, हॉलिवूडने त्याच्यावर चित्रपट काढला, आणि तोही असा की प्रेक्षकाने रोमेलसाठी हळहळावे. 'वाळवंटातील कोल्हा' हे त्याचे टोपणनाव आज युद्धाच्या इतिहासाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही ठाऊक असते.

महायुद्धाचा इतिहास वर्गात शिकवताना विद्यार्थी रोमेलबद्दल हटकून विचारतात. विचारताना आवाजात एक आपुलकी असते. हिटलर वाईट, पण रोमेल चांगला, असे एक समीकरण मुलांच्या मनात पक्के झालेले दिसते. हे समीकरण कोठून आले ते पाहावे म्हणून मी त्याची चरित्रे वाचायला घेतली. वाचता वाचता एके ठिकाणी मराठा पलटणीचे नाव समोर आले. बेळगावच्या माणसाने ते नाव वाचून पान उलटून पुढे जाणे शक्यच नव्हते. त्या प्रसंगाकडे मी येणारच आहे. पण आधी माणूस.

रोमेलचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात, हायडेनहाइम या लहानशा गावी झाला. वडील शाळामास्तर, गणित शिकवणारे, पुढे मुख्याध्यापक झालेले. त्या काळच्या जर्मन सेनापतींच्या आडनावाआधी बहुधा 'फॉन' हा शब्द असे. ती सरदार-जमीनदार घराण्याची खूण. रोमेलच्या नावात ती नाही. ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढे हिटलरच्या प्रचारखात्याला ती फार उपयोगी पडली. मास्तरांचा मुलगा स्वकर्तृत्वाने सेनापती झाला, ही कथा सांगायला सोपी आणि ऐकायला गोड होती.

१९१० साली तो पायदळात उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाला. डान्झिगच्या लष्करी विद्यालयात असताना लुसी मोलिन या तरुणीशी त्याची ओळख झाली, आणि १९१६ साली तिच्याशी त्याचे लग्न झाले. मधल्या काळात वालबुर्गा श्टेमर नावाच्या एका गरीब घरच्या मुलीशी त्याचे प्रेमसंबंध जुळले होते आणि १९१३ साली तिला त्याच्यापासून मुलगी झाली होती. या मुलीला रोमेलने कधी टाकले नाही. मात्र जगासमोर ती नात्यातली मुलगी म्हणूनच वावरली. जुन्या चरित्रांत तिचा पत्ताच लागत नाही. चरित्रनायकाला स्वच्छ धुऊन वाचकांपुढे ठेवण्याची खोड केवळ आपल्याकडच्याच चरित्रकारांना आहे असे नाही, एवढे यावरून कळते. असो.

पहिल्या महायुद्धात हा तरुण अधिकारी विलक्षण चमकला. फ्रान्समध्ये त्याला आयर्न क्रॉसचे दोन्ही वर्ग मिळाले. परंतु त्याचे खरे कर्तृत्व दिसले ते ऑक्टोबर १९१७ मध्ये, इटलीच्या सरहद्दीवरील डोंगरांत. व्युर्टेंबर्गच्या पहाडी बटालियनच्या काही तुकड्या हाताशी घेऊन त्याने कोलोव्राटच्या धारेवरून माताजूर शिखरापर्यंत मजल मारली. दोन दिवसांहून थोड्या अधिक वेळात सुमारे नऊ हजार इटालियन सैनिक आणि ८१ तोफा त्याच्या हाती लागल्या. समोरून टक्कर न देता बगलेने आत घुसायचे, शत्रूच्या पाठीमागे अचानक उभे राहायचे, आणि तो गोंधळलेला असतानाच त्याला शरण यायला लावायचे, ही त्याची रीत तेथेच घडली. आपल्याकडे सह्याद्रीतल्या लढायांची वर्णने वाचलेल्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही सापडेल. या पराक्रमाबद्दल त्याला 'पूर ल मेरित' हे जर्मन सैन्यातील सर्वोच्च पदक मिळाले. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

युद्ध संपले आणि जर्मनीचे सैन्य तहाने एक लाखावर आणून ठेवले. पुढची बरीच वर्षे रोमेलने कंपनी सांभाळण्यात आणि ड्रेस्डेनच्या पायदळ विद्यालयात शिकवण्यात घालवली. तो उत्तम शिक्षक होता असे दिसते. त्याची व्याख्याने पुढे १९३७ साली पुस्तकरूपाने आली. पायदळाच्या चढाईवरील या पुस्तकाचा खप मोठा झाला आणि त्याच्या वाचकांत खुद्द हिटलरही होता.

येथून पुढे त्याच्या चरित्राचे दोन धागे एकमेकांत गुंतत जातात, आणि चरित्रकारांची पंचाईत होते. रोमेल नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. हे खरे आहे, आणि त्याचे चाहते ते पुन्हा पुन्हा सांगतात. पण १९३९ साली पोलंडवर स्वारी झाली तेव्हा हिटलरच्या प्रवासी मुख्यालयाच्या संरक्षणाची जबाबदारी रोमेलवर होती, हेही तितकेच खरे आहे. रोज त्याच्याजवळ वावरणे, त्याच्या बैठका ऐकणे हे त्याला मनापासून आवडले. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत त्याचा आनंद लपत नाही. पोलंडची मोहीम संपल्यावर त्याने चिलखती डिव्हिजन मागितली. रणगाड्यांचा अनुभव नसलेल्या पायदळाच्या अधिकाऱ्याला ती एरवी मिळाली नसती. ती हिटलरच्या मर्जीने मिळाली. रोमेलचे सारे पुढचे आयुष्य या एका मेहेरबानीवर उभे आहे, असे माझे मत झाले आहे.

मे १९४० मध्ये त्याच्या सातव्या पँझर डिव्हिजनने बेल्जियममध्ये दिनाँजवळ म्यूज नदी ओलांडली आणि सहा आठवड्यांच्या आत शेरबुर्ग बंदर गाठले. ही डिव्हिजन कोठे आहे हे फ्रेंचांना तर कळत नसेच, पण कित्येकदा जर्मन मुख्यालयालाही कळत नसे. म्हणून तिला 'भुताची डिव्हिजन' म्हणू लागले. रोमेल स्वतः आघाडीच्या रणगाड्यांबरोबर असे. सैनिकांना असा सेनापती आवडतो. पण मागे राहिलेल्या त्याच्या कचेरीची काय तारांबळ उडत असेल, याचीही कल्पना करावी. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने त्याला चांगला कॅमेरा भेट दिला होता, आणि रोमेल जातिवंत छायाचित्रकाराच्या हौसेने तो वापरी. फ्रान्सच्या विजयावर प्रचारपट निघाला तेव्हा रोमेलने आपल्या डिव्हिजनला पुन्हा एकदा नदी ओलांडायला लावून चित्रीकरणास मदत केली. प्रसिद्धी त्याच्यावर कोणी लादली नव्हती.

फेब्रुवारी १९४१ मध्ये तो लिबियात त्रिपोलीला उतरला. इटालियन सैन्याचा ब्रिटिशांनी धुव्वा उडवला होता, आणि उरलेला मुलूख वाचवावा एवढीच त्याला आज्ञा होती. त्याने आज्ञेचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावला. मार्चअखेर तो चढाईवर निघाला आणि पंधरवड्यात सारा सायरेनेका प्रांत त्याने परत घेतला, दोन ब्रिटिश जनरल पकडले. मेचिली येथे जी फौज त्याच्या वेढ्यात सापडली, तिच्यात तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड होती. आपल्याकडच्या घोडदळाच्या या रेजिमेंटी नुकत्याच मोटारींवर बसवलेल्या होत्या. काही तुकड्या वेढा फोडून निसटल्या, बाकीचे कैद झाले. अशा रीतीने रोमेलची आणि भारतीय सैनिकाची पहिली भेट झाली.

मराठ्यांशी त्याची गाठ पडली ती जून १९४१ मध्ये. इजिप्तच्या सरहद्दीवर हलफाया नावाची खिंड आहे. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडला ती घेण्याचा हुकूम झाला. त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. इंग्रजी रणगाडे पुढे गेले आणि जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफांनी ते एकामागून एक फोडले. ही तोफ मुळात विमाने पाडण्यासाठी बनवलेली. तिचे तोंड खाली करून ती रणगाड्यांवर रोखण्याची युक्ती रोमेलच्या फौजेने हुकमी केली होती. रणगाडेच जळाल्यावर उघड्या उतारावरील पायदळाने काय करावे? खिंड मिळाली नाही.

दुसरी गाठ वर्षभराने पडली. तोब्रुक हे लिबियाचे मोक्याचे बंदर. १९४१ साली ते आठ महिने वेढा सोसून टिकले होते, त्यामुळे ते अभेद्य आहे अशी समजूत झाली होती. प्रत्यक्षात १९४२ च्या उन्हाळ्यात त्याच्या तटबंदीची रया गेली होती. रणगाडे अडवण्यासाठी खणलेले चर वाळूने भरले होते. पेरलेले सुरुंग उकरून दुसऱ्या आघाडीवर नेले होते. मे महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या गझालाच्या लढाईत ब्रिटिशांची चिलखती फौज मोडली आणि रोमेल पूर्वेकडे इजिप्तच्या दिशेने धावत सुटला. तोब्रुकला बगल देऊन तो पुढे जात आहे असेच सर्वांना वाटले. मग एका रात्रीत तो उलटा फिरला. आदल्या वर्षी हल्ल्यासाठी जमवून ठेवलेला त्याचा दारूगोळा तोब्रुकच्या आग्नेयेला अजून तसाच पडून होता; तो त्याच्या कामी आला.

तटबंदीची ही आग्नेय बाजू अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होती, आणि रोमेलने जेथे पाचर मारायची ठरवली तो नेमका भाग दुसऱ्या मराठा बटालियनकडे. २० जून १९४२ च्या पहाटे पाचनंतर जर्मन बाँबफेकी विमाने त्या एवढ्याशा पट्ट्यावर तुटून पडली. पाठोपाठ तोफखाना आणि धुराच्या आडून सुरुंग काढणारी पथके आली. सकाळी साडेआठच्या सुमारास रणगाडे चर ओलांडून आत शिरले. मदतीला यायचे ब्रिटिश रणगाडे वेळेवर आले नाहीत. जे आले ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि तसेच संपले. संध्याकाळी जर्मन बंदरावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिकेचे जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. एकूण सुमारे तेहतीस हजार माणसे कैद झाली. ब्रिगेडमधील गुरखे आणि कॅमेरून हायलँडर्स शरणागतीच्या हुकुमानंतरही काही काळ लढत राहिले.

बहुतेक चरित्रांत हा प्रसंग रोमेलच्या प्रतिभेचा कळस म्हणून येतो. नकाशावर एक जाड बाण असतो, आणि बाणाच्या टोकाशी बारीक अक्षरांत मराठा हा शब्द असतो. बस्स. ज्यांच्यावर तो बाण आला ते कोण होते, याची चौकशी करायला कोणी थांबत नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांतल्या कोरडवाहू शेतीच्या घरांतून ही माणसे आलेली. आपल्या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्यांच्या घरांतलीही त्यांत होती, कारण नाव मराठा असले तरी या पलटणीत भरती दोन्ही भाषांच्या मुलखांतून होत आली आहे. इंग्रजाचे युद्ध, जर्मनाचे विमान आणि लिबियाची वाळू. आपण येथे का आहोत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी पगार, पेन्शन आणि पलटणीची अब्रू याहून वेगळे काय असणार? जे वाचले ते इटलीच्या छावण्यांत गेले. दुसऱ्या दिवशी, २२ जूनला, हिटलरने रोमेलला फील्ड मार्शल केले. जर्मन सैन्यात त्याच्याइतका तरुण फील्ड मार्शल तेव्हा दुसरा नव्हता.

याच विजयाने त्याचा घात केला. तोब्रुक घेतल्यावर थांबावे आणि आधी माल्टा बेट जिंकावे, म्हणजे समुद्रावरून येणारी रसद निर्धोक होईल, असे ठरलेले होते. वरिष्ठांपैकी अनेकांचे हेच मत होते. रोमेलने हिटलर आणि मुसोलिनी यांच्याकडून पुढे जाण्याची परवानगी मिळवली. आता हिशेब पाहा. त्रिपोलीपासून एल अलामीनपर्यंतचे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, म्हणजे बेळगावाहून दिल्लीला जाण्याइतके. रस्ता एकच, वर शत्रूची विमाने. पेट्रोल आणणारे ट्रक वाटेतच पेट्रोल पीत. तोब्रुक आणि बेनगाझी ही जवळची बंदरे हाती होती, पण ती लहान आणि बाँबफेकीच्या टप्प्यात. रसद हे कारकुनी काम आहे आणि सेनापतीने त्यात डोके घालू नये, अशी वृत्ती रोमेलच्या वागण्यात वारंवार दिसते. जर्मन सेनाप्रमुख हाल्डर त्याच्यावर जी टीका करी ती चाहत्यांना मत्सराची वाटते. मला ती पुष्कळशी न्याय्य वाटते.

त्याच्या तथाकथित सहाव्या इंद्रियाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. शत्रू काय करणार हे त्याला आतूनच कळे, असे जुनी पुस्तके सांगतात. त्याला ते बऱ्याच अंशी कानातून कळत होते. कैरोतील अमेरिकन लष्करी वकील वॉशिंग्टनला जे तपशीलवार अहवाल पाठवी, त्यांची सांकेतिक लिपी इटालियन हेरांनी चोरली होती. जून १९४२ अखेरपर्यंत ब्रिटिशांचे बेत अशा रीतीने रोमेलच्या टेबलावर येत. त्याशिवाय त्याच्यापाशी बिनतारी संदेश चोरून ऐकणारी एक कुशल तुकडी होती. १० जुलैला ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ती तुकडीच पकडली. त्यानंतर रोमेलला असे चमत्कार फारसे साधले नाहीत. उलट ब्रिटिश त्याचे गुप्त संदेश वाचत होते, आणि ही गोष्ट जगाला उघडपणे कळली ती १९७४ साली. त्याआधी लिहिलेले रोमेलचे कोणतेही चरित्र वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. लेखक प्रामाणिक असला तरी अर्धा पट त्याच्यापासून झाकलेला होता.

एल अलामीनची लढाई २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री सुरू झाली तेव्हा रोमेल आजारी होऊन ऑस्ट्रियात विश्रांती घेत होता. त्याच्या जागी असलेला जनरल श्टुमे दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराने मरण पावला. रोमेल धावत परतला. माँटगोमेरीजवळ माणसे, रणगाडे, विमाने सारेच दुपटीच्या घरात किंवा त्याहून अधिक होते. ३ नोव्हेंबरला हिटलरचा हुकूम आला की एक पाऊलही मागे घेऊ नका. रोमेलने एक दिवस तो पाळला, आणि मग मोडला. मोटारी नसलेले हजारो इटालियन पायदळ सैनिक वाळवंटात मागे राहिले. त्याच्या फौजेत संख्येने इटालियनच अधिक होते, हे दंतकथेत सहसा सांगितले जात नाही. मार्च १९४३ मध्ये त्याने आफ्रिका सोडली. दोन महिन्यांनी ट्युनिशियात उरलेल्या सैन्याने शरणागती दिली.

आफ्रिकेवरच्या त्याच्या टिपणांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५० साली जर्मनीत निघाले, आणि त्याचे नाव 'द्वेषाविना युद्ध' असे ठेवले गेले. या नावात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कैद्यांना त्याने माणुसकीने वागवले याची साक्ष शत्रूंनी दिली आहे. पकडलेल्या कमांडो सैनिकांना ठार मारावे असा हिटलरचा गुप्त हुकूम ऑक्टोबर १९४२ मध्ये निघाला, तो रोमेलने आफ्रिकेत अमलात आणला नाही. हे त्याच्या बाजूने निःसंकोच नोंदवले पाहिजे.

पण वाळवंटात द्वेष दिसला नाही याचे एक कारण असे की तेथे वस्तीच विरळ होती. जेथे वस्ती होती तेथे काय झाले? सायरेनेकातील ज्यू कुटुंबांना मुसोलिनीच्या हुकुमाने त्रिपोलीच्या दक्षिणेस गियादो येथील छावणीत डांबले आणि तेथे पाचशेहून अधिक माणसे मेली. हुकूम रोमेलचा नव्हता. पण त्याच्या तोफांमुळेच तो मुलूख त्या राजवटीच्या हाती राहिला होता. ट्युनिशियात ज्यूंना सक्तीच्या मजुरीला जुंपले गेले. आणि सर्वांत अस्वस्थ करणारी बाब २००६ साली दोन जर्मन संशोधकांनी पुढे आणली. १९४२ च्या उन्हाळ्यात अथेन्समध्ये एस.एस.चे एक खास पथक तयार ठेवले होते. रोमेल कैरोला पोचला की त्याच्या मागोमाग इजिप्तमध्ये आणि पुढे पॅलेस्टाइनमध्ये जाऊन तेथील ज्यूंचा संहार करणे, हे त्या पथकाचे काम. एल अलामीनला तो अडला म्हणून ते पथक इजिप्तला गेले नाही. रोमेलने हे काम मागितले नव्हते. परंतु तो जितका उत्तम लढत होता, तितके ते पथक कैरोच्या जवळ येत होते. मुलांच्या मनातल्या त्या समीकरणाला मी येथे अडतो. सैनिकी कौशल्य निराळे आणि ज्या कामासाठी ते वापरले जाते ते काम निराळे, असे म्हणणे सोपे आहे. पण नकाशावर दोन्हींचा रस्ता एकच होता.

१९४३ च्या उत्तरार्धात तो उत्तर इटलीत होता. इटलीने शरणागती दिल्यावर कालच्या या दोस्तांना निःशस्त्र करून मजुरीसाठी जर्मनीला पाठवण्यात आले, आणि या कामात रोमेलच्या फौजेने हात आखडता घेतला नाही. पुढे त्याची नेमणूक फ्रान्सच्या किनाऱ्यावर झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याने बोर्डोच्या बाजूला तैनात असलेल्या आझाद हिंद लीजनची पाहणी केली. सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेल्या या दलातले बरेच जवान आफ्रिकेत पकडलेले युद्धकैदी होते. या पाहणीची छायाचित्रे आहेत. त्यांतील काहींना तरी कैद करणारी फौज ह्याच माणसाची असावी. नेताजी तर वर्षापूर्वीच पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले होते.

नॉर्मंडीवर दोस्तांचे सैन्य उतरले त्या ६ जूनला रोमेल घरी होता, कारण त्या दिवशी पत्नीचा पन्नासावा वाढदिवस होता. १७ जुलैला त्याच्या मोटारीवर शत्रूच्या विमानाने गोळ्या झाडल्या आणि त्याची कवटी फुटली. ज्या खेड्याजवळ हे घडले त्याचे नाव सेंट-फॉय-द-माँगोमेरी. कादंबरीकाराने असे नाव योजले असते तर आपण त्याला नावे ठेवली असती. तीनच दिवसांनी हिटलरवर बाँब टाकण्याचा कट फसला.

रोमेलचा या कटाशी किती संबंध होता, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. युद्ध हरले आहे आणि आता राजकीय निर्णय घ्यायला हवा, असे त्याने जखमी होण्याच्या दोनच दिवस आधी हिटलरसाठी लेखी कळवले होते. त्याचा प्रमुख सहकारी जनरल श्पायडेल कटवाल्यांच्या संपर्कात होता. हिटलरला ठार मारण्यास रोमेलची संमती होती, हे सिद्ध करणारा कागद मात्र माझ्या वाचनात आला नाही. त्याचा भ्रमनिरास खरा होता, पण तो युद्ध हरत चालल्यामुळे झाला. युद्ध अन्यायाचे आहे म्हणून झाला असे मला दिसत नाही.

शेवट मात्र शांतपणे वाचवत नाही. १४ ऑक्टोबर १९४४ च्या दुपारी बुर्गडोर्फ आणि माइझेल हे दोन जनरल हेर्लिंगेनच्या त्याच्या घरी आले. विष घ्यावे, म्हणजे मृत्यू जखमांमुळे झाला असे जाहीर होईल, सरकारी इतमामाने अंत्यविधी होईल आणि बायकोमुलांना धक्का लागणार नाही. नाहीतर देशद्रोहाचा खटला चालेल. रोमेल वरच्या मजल्यावर गेला, लुसीला सांगितले, मग पंधरा वर्षांच्या मानफ्रेडला बोलावून सांगितले. आफ्रिकेतला कोट घातला, फील्ड मार्शलचा दंड हातात घेतला आणि तो मोटारीत बसला. गावाबाहेर थोड्याच अंतरावर मोटार थांबली. चार दिवसांनी उल्म शहरात थाटाची प्रेतयात्रा निघाली. फील्ड मार्शल रुंडश्टेट याने भाषण वाचले, हिटलरचे पुष्पचक्र आले. पत्नी आणि मुलगा खरी हकिकत पोटात घेऊन उभे होते. ज्या माणसाची प्रसिद्धी हिटलरच्या राजवटीने घडवली, त्याच्या मरणाचाही तिने असा प्रसिद्धीसाठी उपयोग करून घेतला.

मेल्यानंतर त्याची दंतकथा वाढवली ती इतरांनी. १९५० साली पहिले मोठे इंग्रजी चरित्र लिहिले ते ब्रिगेडियर डेस्मंड यंग यांनी. हे भारतीय सैन्यातले अधिकारी. जून १९४२ मध्ये वाळवंटात कैद झाले होते. पांढरे निशाण घेऊन जाऊन इंग्रजी तोफा थांबवा, असे एक जर्मन अधिकारी त्यांना दरडावत होता. त्यांनी नकार दिला, आणि तेथे आलेल्या रोमेलने त्यांचाच पक्ष उचलून धरला. एवढ्या ओळखीवर एक चरित्र उभे राहिले, आणि त्यावरूनच तो चित्रपट निघाला. ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ऑकिनलेक यांनी. रोमेल म्हणजे कोणी जादूगार नव्हे, असे आपल्या सैन्याला कळकळीने बजावणारे हेच ते सेनापती. भारताचे शेवटचे ब्रिटिश सरसेनापती म्हणून आपल्याला त्यांचे नाव परिचित आहे. इंग्रजांची सोय उघड आहे. शत्रू जितका थोर, तितका आपला पराभव क्षम्य आणि विजय मोठा.

जर्मनांचीही सोय होती. श्पायडेल यांनी १९४९ साली पुस्तक लिहून रोमेलला हिटलरविरोधकांच्या पंक्तीत बसवले. पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य उभे राहत होते, त्याला निष्कलंक पूर्वज हवा होता. स्वतः श्पायडेल १९५७ मध्ये नाटोच्या मध्य युरोपातील भूदलाचे प्रमुख झाले. लष्करी बराकींना रोमेलचे नाव मिळाले, एका विनाशिकेलाही मिळाले. ती १९९८ पर्यंत सेवेत होती. कागदपत्रांचा प्रचंड शोध घेऊन १९७७ साली चरित्र लिहिणारे डेव्हिड अर्व्हिंग यांना पुढे २००० साली लंडनच्या न्यायालयाने ज्यूंचा संहार नाकारणारे लेखक ठरवले. त्यामुळे त्यांनी शोधलेला प्रत्येक कागद आता पुन्हा पारखून घ्यावा लागतो. मानफ्रेड रोमेल मात्र वेगळ्या वाटेने गेले. १९७४ पासून १९९६ पर्यंत ते स्टुटगार्टचे महापौर होते आणि उदार राज्यकर्ते म्हणून नावाजले गेले. २०१३ साली ते वारले.

हायडेनहाइमला १९६१ साली रोमेलचे स्मारक उभारले गेले. ते ठेवावे की काढावे यावर पुढे गावात अनेक वर्षे वाद चालला. एल अलामीनच्या बाजूला दोन्ही सैन्यांनी लाखो सुरुंग पेरले होते, आणि युद्ध संपल्यानंतरही कित्येक दशके तेथे गुरे चारणारी बदाऊनी माणसे आणि त्यांची मुले त्यांवर पाय पडून पांगळी होत राहिली. २०२० साली गावाने स्मारक तसेच ठेवले आणि त्याच्यासमोर कुबडी घेतलेल्या, एक पाय गमावलेल्या माणसाची एक सपाट आकृती उभी केली. ऊन योग्य बाजूने पडले की तिची सावली रोमेलच्या दगडावर येते.